तासभर कुणी चालायचं नाही

माणसाला त्याच्या नावानं हाक मारणं आमच्या घरमालकांना कधी जमलंच नाही. रत्नागिरीत मच्छीमार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं चिऱ्याचं घर होतं. खाली त्यांची रक्त तपासायची खोली आणि वर लाकडी फळ्यांच्या पाटणाच्या माडीवर आम्ही भाडेकरू, म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा. एकदा ज्याचं रक्त तपासलं त्याला ते त्याच्या आकड्यानं ओळखत. भर बाजारात, कोळणीशी घासाघीस करणाऱ्या बाईला ओरडून विचारत, "काय हो बावीस, गुडघे बरे आहेत ना आता?" बावीसवाल्या बाईंना कुठे तोंड लपवू असं होऊन जाई. मी आठ. तीन वर्षं त्या घरात राहिले, पण माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं की नाही देव जाणे. शाळेत शिकवते म्हणून एरवी 'बाई' म्हणत, आणि चिडले की 'अहो आठ!'

हा आकडा म्हणजे ई.एस.आर. काचेच्या बारीक उभ्या नळीत रक्त भरून ठेवायचं. तांबडा भाग हळूहळू खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. तासाभरात तांबडा भाग किती मिलिमीटर खाली गेला ते मोजायचं. अंगात कुठे सूज असली, कुठे काही सडत असलं, कुठे धुमसत असलं, तर तो भराभर खाली येतो. कुठे, ते मात्र सांगत नाही. हे सगळं मला घरमालकांनीच शिकवलं, मी सातवीला विज्ञान शिकवत असूनही.

नळी केसभर जरी कलली तरी आकडा चुकतो, हादरे बसले तरी चुकतो, हे त्यांच्या डोक्यात इतकं बसलेलं की बस. गवंड्याकडचा ओळंबा आणून त्यांनी नळ्यांच्या स्टँडशेजारी कायमचा टांगून ठेवला होता. गजराची घड्याळं दोन, कारण एक खोटं बोलू शकतं. आणि रोज सकाळी दहाला नळ्या लावल्या की खालून आवाज यायचा, "तास लागला!" म्हणजे अकरापर्यंत माडीवर कुणी चालायचं नाही. चुकून पाऊल वाजलं की खालून बांबूनं पाटण ठोकत. रविवारी सकाळी मी आणि अण्णा तासभर खुर्चीत बसून एकमेकांकडे बघत राहायचो. अण्णा तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "आंबा घाटात दरड कोसळली तेव्हासुद्धा मी एवढा गप्प बसलो नव्हतो गो."

एकदा पूर्णगडचा एक खलाशी पहिल्या गाडीनं आला. रक्त दिलं आणि पाऊण तासातच उठला. गाडी चुकेल, अंदाजानं लिहून द्या, म्हणाला. घरमालक दारात आडवे उभे राहिले.

"अंदाजानं बायको केलीस काय? मग रक्त कशाला अंदाजानं? बस खाली!"

त्याची गाडी गेली. मग घरमालकांनी स्वतः भात टाकला, बांगड्याचं तिखलं वाढलं आणि दुपारच्या गाडीला त्याला स्टँडवर पोचवून आले. आणखी एक जण दुबईला जायच्या घाईत होता. कागदावर दहा लिहा म्हणून हातापाया पडला, आकडा आला होता सत्तर. त्याला ते मानगुटीला धरून छातीचा फोटो काढायला घेऊन गेले. क्षय निघाला. दुबई राहिली, पण माणूस राहिला. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण असल्या माणसाशी मी पुढे काय केलं ते सांगायचं आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये अण्णांना झटका आला. सकाळी दाढी करताना हातातला वस्तरा पडला आणि पाठोपाठ अण्णाही. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं. दहा दिवस इस्पितळात काढले, मग चौघांनी खुर्चीत बसवून माडीवर आणले आणि मी शाळेतून रजा घेतली. डॉक्टर घरी येऊन बघत. ते म्हणाले, "बाई, पहिले काही आठवडे फार मोलाचे. या दिवसांत पाय जेवढा परत येईल तेवढा येईल. मागाहून धावपळ करून उपयोग नाही. ताप नको, छातीत कफ नको, पाठीला जखम नको. रक्ताचा आकडा उतरायला लागला की आपण बसवू, मग उभं करू."

झटक्यानंतर आकडा थोडा चढतोच, मग उतरला पाहिजे, असं त्यांचं गणित. ते घरमालकांनी असं काही मनावर घेतलं की विचारू नका. एक दिवसाआड स्वतः माडीवर यायचे, अण्णांच्या हाताला हळूच टिचकी मारून शीर शोधायचे, "चला ड्रायव्हरसाहेब, जरा पेट्रोल काढतो" म्हणायचे. चाळीस आला. मग चौतीस. मग अठ्ठावीस. अठ्ठावीसला ते जिना चढून धापा टाकत आले.

"उतरतोय! सोमवारी बसवायचं म्हणालेत डॉक्टर. एवढ्या वर्षांचा ब्रेकवरचा पाय आहे तो, असा सोडेल काय!"

हे शुक्रवारी सकाळी. आणि शुक्रवारी दुपारी लांज्याहून माझी आत्या आली.

आत्या अण्णांची सख्खी बहीण. भावाला बघून तिनं टाहो फोडला, मग डोळे पुसून कामाला लागली. तिच्याबरोबर एक म्हातारा होता. तो डाग द्यायचा. वारं गेलेल्या पायाला तापलेल्या लोखंडाचा डाग दिला की वारं परतून येतं, अशी त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

"आमच्या वाडीतला एक जण असाच पडलेला," आत्या म्हणाली. "ह्यानं डाग दिलान, नि महिन्यात त्यानं नांगर धरलान. तुजे डाक्टर काय देतात? गोळ्या नि आकडे. तुजा बापूस पडून ऱ्हायला तर कायमचा पडंल. मग बस रडत."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी विज्ञान शिकवत होते, वर्गात अंधश्रद्धेवर फळाभर लिहायचे. पण चार आठवडे होत आले होते, आणि तो पाय खाटेवर जसा ठेवावा तसा पडून असायचा. मला वाटलं, काय हरकत आहे? त्या पायाला काही कळत तर नाहीच आहे. खरं सांगते, मला वाटलं की लागू पडलं तर पडलं.

म्हाताऱ्यानं स्टोव्हवर कोयतीचं टोक लाल केलं. मी अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही खांदे धरले. मी खिडकीबाहेर बघत होते. चर्र झालं, वास आला, अण्णा ओरडले नाहीत. आत्या म्हणाली, "बग, काय्येक कळला नाय त्याना." मग पोटरीवर कसलासा पाला थापला आणि गुडघ्यापासून बोटांपर्यंत लोकरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. सात दिवस उघडायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर गुण येत नाही, आणि वर दोष तुझ्या माथी. दुसऱ्या दिवशी दोघं लांज्याच्या गाडीत बसून गेली.

सोमवारी आकडा आला सेहेचाळीस.

घरमालकांचा विश्वासच बसेना. डॉक्टर आले, छाती ऐकली, कूस बदलून पाठ बघितली, लघवी तपासायला सांगितली. मग पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

"वारा लागू नये म्हणून. आत्ताच तेल लावून बांधलंय," मी म्हणाले.

तोंडातून इतक्या सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं. शिकलेली बाई म्हणून ते माझ्यावर विश्वास ठेवत. "बरं, असू दे," म्हणाले. "पण आज बसवायला नको. कुठेतरी काहीतरी शिजतंय."

मंगळवारी लघवीचा कागद आला, त्यात काही नाही. अण्णांचं अंग कोमट लागत होतं. ते माझ्याकडे टक लावून बघत. मी पाणी पाजायचे, तोंड पुसायचे आणि त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायचे नाही. खोलीत पाल्याच्या वासाखाली दुसरा एक वास यायला लागला होता. मी उदबत्त्या लावल्या. मी दिवस मोजत होते. चार झाले, तीन राहिले. उगाच घाबरतेस, सातव्या दिवशी पट्टी सुटेल आणि पाय हलेल, असं स्वतःला बजावत होते.

बुधवारी आला अडुसष्ट.

त्या दिवशी आकडा सांगायला घरमालक वर आले नाहीत. मीच खाली गेले, तर टेबलावर नळ्यांची रांग लागलेली. त्यांनी स्टँड बदलला होता, नळ्या पुन्हा धुऊन वाळवल्या होत्या, टेबलाच्या पायाखाली पोस्टकार्डाच्या घड्या घालून ओळंबा लावून बघत होते. आणि डाव्या दंडाला रबरी नळी बांधलेली. स्वतःचं रक्त काढून त्यांनी अण्णांच्या रक्ताशेजारी लावलं होतं, आपलं स्टँड खोटं बोलतंय का ते बघायला.

"माझा सहा आला," ते म्हणाले. "माझा बरोबर येतो, मग ह्यांचाच का चुकतो? बाई, मुंबईच्या इस्पितळात वीस वर्षं मी हेच केलं. कधी असं झालं नाही. हात थरथरायला लागला असेल काय माझा? वय झालं म्हणा."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आणि मग अचानक आशेनं त्यांनी विचारलं, "तुम्ही तासात चाललात काय हो वर? सकाळी?"

मी मुंगीएवढीसुद्धा हलले नव्हते.

"हो," मी म्हणाले. "अण्णांना कूस द्यायची होती. बरीच चालले."

त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं. पण ते इतके खूश झाले की मला ब्रह्मांड आठवलं. "मग तर झालंच! अहो आठ, एवढं सांगायला काय झालं होतं!" त्यांनी तडक डॉक्टरांना निरोप धाडला की आजचा आकडा धरू नका, हादरे बसलेत, उद्या पुन्हा करतो. डॉक्टर आले नाहीत. ज्या दिवशी बघायला हवं होतं तो दिवस माझ्यामुळे गेला. आणि तो दिवस अण्णांच्या पायाचा होता.

गुरुवारी दहाला खालून "तास लागला" ऐकू आलं, आणि पाठोपाठ जिन्यावर पावलं. घरमालक अनवाणी वर आले, खुर्ची ओढली नाही, उचलून ठेवली, आणि अण्णांच्या खाटेसमोर बसले.

"आज मी इथेच बसतो," ते कुजबुजले. "कूस द्यायची झाली तर मला सांगा, आपण हळू देऊ."

तासभर आम्ही तिघं तसे होतो. खाली दोन घड्याळांची टिकटिक चालू होती, ती पाटणातून वर येत होती. बाहेर एक कोळीण "सवंदाळे घ्या" ओरडत गेली. घरमालकांनी आधी अण्णांकडे बघितलं. मग उदबत्तीच्या घराकडे, त्यात पाच उदबत्त्या होत्या. मग नाक जरासं वर करून त्यांनी हुंगलं. आणि मग त्यांची नजर त्या लोकरीच्या पट्ट्यांवर गेली, ती तिथून हललीच नाही. मी घाम पुसायलासुद्धा हात उचलला नाही. मला वाटत होतं, आता बोलतील, आता बोलतील. पण तास लागलेला होता. ते बोलले नाहीत.

गजर झाले. एक, मग दुसरा. ते खाली गेले. परत आले तेव्हा धाडधाड पाय वाजवत आले. त्या घरात त्यांचे पाय वाजलेले मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

"ब्याण्णव," ते म्हणाले. "चाललं कुणी नाही. मी डोळ्यांनी बघितलं."

मी चादर अण्णांच्या पट्ट्यांवर ओढली.

"डॉक्टरनं छाती बघितलीन, पाठ बघितलीन, लघवी तपासलीन. काही नाही. माझं रक्त मी बघितलं, स्टँड बघितलं, टेबल बघितलं. काही नाही. राहिलं काय? एवढा पाय राहिला." त्यांचा आवाज चढला. "सोडता तुम्ही, की मी सोडू?"

"सात दिवस उघडायचं नाही," मी म्हणाले. हे वाक्य मोठ्यानं बोलल्यावर मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. सातवीतल्या पोरानं म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मी पट्ट्या सोडल्या. शेवटचे दोन वेढे मांसाला चिकटले होते. वास भपकन आला. तळहाताएवढी जखम, काळी कड, मध्ये पाला आणि पू. घरमालकांनी तोंडावर धोतराचा सोगा धरला नाही. ते वाकून बघत राहिले, आणि मग माझ्याकडे वळले.

"मी स्वतःचा हात थरथरतो म्हणून दोन रात्री झोपलो नाही," ते म्हणाले. "आणि तुम्हाला ठाऊक होतं."

एवढंच म्हणाले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर आले. मीच सांगितलं सगळं, घरमालक दाराशी हाताची घडी घालून उभे होते, एक शब्द त्यांनी माझ्या बाजूनं टाकला नाही. डॉक्टर जे बोलले ते मी लिहीत नाही, मला पुरून उरेल एवढं बोलले. जखम साफ केली, इंजेक्शनं चालू झाली. रोजची पट्टी करायला कंपाउंडर पाठवतो, असं ते म्हणाले, तर घरमालक आडवे आले. "नको. ह्या करतील. मी उभा राहतो."

आणि राहिले. रोज सकाळी नळ्या लावायच्या आधी माडीवर हजर. कोमट पाणी, गॉज, मलम. मी हात आखडता घेतला की म्हणत, "नीट बघून करा. बघायचंच नाही म्हणून तर हे झालं." शनिवारी ऐंशी, मंगळवारी एकसष्ट, शुक्रवारी त्रेचाळीस. माझ्याशी ते आकड्यांपलीकडे काही बोलत नव्हते. अण्णांशी मात्र गप्पा मारायचे, भाट्याला आज भरती कशी आली होती, आंब्याच्या पेट्यांनी एस.टी. स्टँड कसं भरलंय.

शुक्रवारचीच गोष्ट. जुना गॉज मी पाण्यानं भिजवला, एक टोक धरलं आणि हळूच ओढलं. पाय हलला.

मला वाटलं माझ्या हाताला धक्का लागला. पुन्हा टोक धरलं. गुडघा वर आला, टाच चादरीवरून घासत मागे गेली. पाच-सहा आठवडे तो पाय हलावा म्हणून मी नवस बोलले होते, डाग दिला होता, खोटं बोलले होते. आणि तो हलला तो माझ्या हातापासून लांब जायला.

मी वर बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि ते डोळे घाबरलेले होते. मला घाबरलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओरडले नाहीत म्हणून त्यांना कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. अहो, ओरडायला वाचा कुठे होती त्यांना? पायाला सगळं कळत होतं. कोयती टेकली तेव्हाही कळत होतं. आणि मी त्यांचे खांदे दाबून धरून खिडकीबाहेर बघत होते.

मी तिथेच खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडायला लागले.

"हलला!" घरमालक ओरडले. "बघितलंत? हलला! आठ, मागाहून रडा. आधी परत हात लावा, बघू पाय परत मागे घेतात काय."

"मी नाही लावणार."

"लावायचा! डॉक्टरला काय सांगू, अंदाजानं हलला?"

मी हात लावला. पाय मागे गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. घरमालक खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर रेघा मारत होते, तोंडानं "दोन... तीन..." चाललेलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याची त्यांना शुद्ध नव्हती. चौथ्यांदा पाय मागे गेला तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, मीच होते. मी धरून ठेवलं होतं तुम्हाला. मला माहीत नव्हतं हो तुम्हाला कळतंय."

मग पाचव्यांदा हात ठेवला, जखमेच्या अगदी कडेला.

पाय हलला नाही.

"काय झालं?" घरमालक पेन्सिल धरून कळवळून म्हणाले. "गेली काय ताकद? परत लावा बघू."

पण ताकद गेली नव्हती. माझ्या बोटांखाली अण्णांची पोटरी थरथरत होती, दुखत होतं त्यांना. तरी त्यांनी पाय तसाच राहू दिला.